माळ्यावरचे मशीन खाली काढा

रत्नागिरीकडच्या जुन्या घरांत माळ्यावर, पडवीच्या कोपऱ्यात किंवा बंद खोलीत गोणपाटाखाली एखादे काळे शिलाई मशीन सापडते. कुणाच्या आजीने हप्त्याने घेतलेले, कुणाच्या काकांनी मुंबईची खोली सोडताना गावी धाडलेले. घर आवरायला काढले की त्याचे दोनच शेवट ठरलेले असतात. एक तर भंगारवाला, नाहीतर शोभेची वस्तू. सध्या दुसऱ्याची चलती आहे. लोखंडी स्टँडवर काच टाकून टेबल करतात, त्यात वॉशबेसिन बसवतात आणि वरचे यंत्र फुलदाणीशेजारी मांडून ठेवतात.

हा लेख तिसऱ्या मार्गाबद्दल आहे. ते मशीन साफ करून त्यावर पुन्हा टीप मारायची. बाजाराच्या पिशव्या, सॅकची पावसाळी कव्हरे, आंब्याच्या झेल्याची पिशवी, वाकळ असे रोजच्या उपयोगाचे सामान घरी शिवायचे. यात हौस आहेच, पण हिशेबही आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो. अशा हवेत लोखंड नुसते ठेवून टिकत नाही. चालत्या मशीनच्या सांध्यासांध्यांत तेल फिरत राहते आणि गंजाला बसायला जागा मिळत नाही. त्यामुळे जुने मशीन जपायचे असेल तर ते वापरायलाच हवे.

यंत्र कोणत्या घराण्यातले?

आपल्याकडे सापडणारी बहुतेक जुनी यंत्रे सिंगर किंवा उषा या नावाची असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर कंपनीचे हिंदुस्थानातले काम नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ पाहत. हप्त्याने यंत्र विकण्याची पद्धत इथे रुजली ती सिंगरमुळेच. आपल्याकडची जुनी सिंगर यंत्रे मुख्यतः स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनलेली आहेत. १८८५ साली सुरू झालेला हा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. मॉडेलच्या आकड्यापुढे ‘के’ हे इंग्रजी अक्षर असेल, उदाहरणार्थ १५के किंवा ६६के, तर यंत्र तिथले समजावे. पाट्यावर कोरलेल्या क्रमांकावरून ते साधारण कोणत्या वर्षी बनले तेही कळते. १९०० पूर्वीच्या यंत्रांवर नुसते अंक असतात, त्यानंतरच्या यंत्रांवर अंकांआधी एक किंवा दोन अक्षरे.

१९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने उषा हे देशी यंत्र बाजारात आणले. उषाच्या घरगुती काळ्या यंत्राचा आराखडा सिंगर १५ च्याच कुळातला आहे. ही गोष्ट आपल्या फार फायद्याची आहे, कारण त्या कुळाची बॉबिन, बॉबिन केस, सुया आणि फूट आजही शिवणसाहित्याच्या दुकानात सहज मिळतात.

नाव पुसले गेले असेल तर बॉबिन कुठे बसते ते पाहा. डाव्या अंगाला, पाट्याखाली उभी बॉबिन केस बसत असेल तर ते १५ चे घराणे. सरकती पट्टी बाजूला केल्यावर बॉबिन वरून आत टाकायची असेल तर सिंगर ६६ किंवा त्याचे भावंड. याची बॉबिन १५ च्या बॉबिनसारखी दिसते, पण एकाची दुसऱ्यात चालत नाही. आणि होडीच्या आकाराचे लांबट शटल पुढेमागे झुलत असेल, त्यात सळईसारखी लांब बॉबिन असेल, तर यंत्र सिंगर २७ किंवा २८ च्या जातीचे, म्हणजे बरेच जुने. ते सुरेख चालते, पण शटल हरवले असेल तर दुसरे मिळवताना दमछाक होते. नवशिक्याने १५ चे घराणे धरावे.

घेण्याआधी काय पाहाल

घरात मशीन नसेल तर ओळखीच्या शिंप्याकडे चौकशी करा. मोटरवर चालणारे नवे मशीन घेतले की जुने पायमशीन दुकानात अडगळ होते. भंगाराच्या दुकानातही मिळते, पण तिथे वरचे यंत्र आणि खालचा स्टँड यांची ताटातूट झालेली असते. नुसते यंत्र मिळाले तरी चालेल. त्याला हाताचे चाक बसवून हातमशीन करता येते.

यंत्राचे चाक हाताने आपल्याकडे फिरवून पाहा. ते जड फिरत असेल तर घाबरू नका, वाळलेल्या तेलाचा तो परिणाम असतो. मुळीच फिरत नसेल तर विचार करा. सुईची दांडी बोटांत धरून हलवा, डावी-उजवीकडे खडखडत असेल तर झीज झाली आहे. बॉबिन केस जागेवर आहे का, तिच्यावरची बारीक पट्टी वाकलेली आहे का, शटलचे टोक तीक्ष्ण आहे का, हे बघा. कापड पुढे ढकलणारे दात बोटाला टोचले पाहिजेत. यंत्राच्या अंगात भेग असेल तर नको म्हणा, ओतीव लोखंडाची भेग घरी सांधत नाही. लाकडी फळीला वाळवी लागलेली असेल तर मात्र सौदा मोडू नका. फळी कुठलाही सुतार करून देतो.

रंग उडाला, सोनेरी वेल पुसट झाली, हे दोष नव्हेत. उलट खण उघडून आत काय आहे ते पाहा. दुमडीचा फूट, चुण्या घालायचा फूट, जुन्या बॉबिन, छोटा स्क्रूड्रायव्हर असे बाड मिळाले तर यंत्राइतकेच त्याचे मोल आहे.

गंज आणि चिकट तेल

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्राचे खरे दुखणे बहुधा गंज नसतो, वाळून डिंकासारखे झालेले तेल असते. आणि कोकणात त्या तेलाची कहाणी ठरलेली असते. मशीनचे तेल संपले, घरात खोबरेल होते, ते घातले. खोबरेल, गोडेतेल, एरंडेल यांपैकी काहीही शिलाई मशीनला चालत नाही. हवा लागून ही तेले घट्ट होतात आणि सांधे धरून ठेवतात. शिलाई मशीनचे तेल म्हणून मिळते ते पातळ, पाण्यासारखे स्वच्छ खनिज तेलच वापरा.

साफसफाईचा क्रम असा ठेवा. आधी सुई, फूट, बॉबिन केस आणि दातांवरची पट्टी काढा. दातांच्या खाचांत साठलेला कापसाचा गठ्ठा टोच्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने उकरा. बंद पडलेल्या यंत्रात कित्येकदा शटलभोवती किंवा चाकामागे दोऱ्याचा गुंता अडकलेला असतो, तो काढला की निम्मे काम होते. मग तेलाच्या प्रत्येक छिद्रात आणि जिथे लोखंड लोखंडावर फिरते तिथे थेंब-थेंब रॉकेल सोडा. रॉकेल मिळाले नाही तर हार्डवेअरच्या दुकानातला गंज सैल करणारा स्प्रे चालतो. रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी चाक थोडे पुढे, थोडे मागे असे हळू झुलवा. हातोडी, पाना, जोर यांपैकी काहीच वापरायचे नाही. हलले नाही तर पुन्हा थेंब सोडा आणि पुन्हा थांबा. केस वाळवायच्या यंत्राची ऊब दिली तर घट्ट तेल लवकर सुटते, मात्र रॉकेल किंवा स्प्रे सोडल्यावर ऊब देऊ नका. हे काम खिडकी उघडी ठेवून, चुलीपासून लांब करा.

चाक मोकळे झाले की चिंध्यांनी मळ पुसून घ्या आणि आता मशीनचे तेल द्या. रॉकेलने आणि स्प्रेने मळ सुटतो, वंगण मिळत नाही, हे विसरलात तर यंत्र झिजेल. चकचकीत पोलादी भागांवरचा गंज बारीक स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने घासा. पण काळ्या रंगावर स्टील वूल चालवायचे नाही, आणि स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर तर जवळही आणायचे नाही. जुन्या यंत्रांच्या सोनेरी नक्षीवर लाखेचा पारदर्शक थर असतो, तो स्पिरिटने विरघळतो. अंग पुसायला मशीनच्याच तेलात भिजवलेले मऊ सुती फडके पुरते.

स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. काढलेले स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत क्रमाने ठेवा. सिंगरच्या जुन्या स्क्रूंचे आटे आजच्या बाजारातल्या स्क्रूंना जुळत नाहीत, म्हणून एक हरवला तर बदली मिळत नाही. स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा हवा, नाहीतर खाच फाटते.

स्टँडलाही तेल हवे. पायट्याच्या दोन्ही टोकांचे खुंट, पायट्यापासून चाकाकडे जाणारा दांडा आणि मोठ्या चाकाचा आस या तीन जागा बहुतेकजण विसरतात आणि ‘मशीन जड चालते’ म्हणतात. चामडी पट्टा सुकून तडकला असेल तर बदला. पट्टा चाकावर न घसरण्याइतकाच ताणलेला असावा, त्याहून घट्ट नको. पावसाळ्यात दमट हवेने चामडे सैल पडते. तेव्हा तारेची कडी काढून बोटभर पट्टा कापायचा, टोच्याने नवे भोक पाडायचे आणि कडी पुन्हा दाबून बसवायची.

पायाला वळण लावा

पायमशीन चालवणे म्हणजे सायकल शिकण्यासारखे आहे. आधी सगळे बिनसते आणि एके दिवशी पाय आपोआप चालू लागतात. सुरुवातीला मशीनच्या चाकातली मधली गोल चकती सैल करा, म्हणजे चाक फिरेल पण सुई हलणार नाही. दोन्ही पावले पायट्यावर टेकवा, एक किंचित पुढे. उजव्या हाताने चाक आपल्याकडे फिरवून गती द्या आणि मग टाच-चवडा, टाच-चवडा असा दाब देत ती गती राखा. चाक उलटे फिरले की दोरा अडकतो, तुटतो. म्हणून सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळा हात चाकावर ठेवण्याची सवय लावा.

पायांना लय सापडली की चकती घट्ट करा, सुई लावा, दोरा मात्र ओवू नका. रेघी वहीचे पान घेऊन रेघेवरून सुई चालवा. मग चौकोन, मग वाटीभोवती काढलेले वर्तुळ. कोपरा आला की सुई खाली ठेवून फूट उचलायचा आणि कागद वळवायचा. कागदावर सुई बोथट होते, तेव्हा त्या सुईने पुढे कापड शिवू नका.

जुन्या यंत्रात मोटर बसवता येते, पण घरगुती सामानासाठी तिची गरज नाही. जाड शिवणीवर एकेक टाका मोजून घालायचा असतो आणि तिथे मोटरपेक्षा पाय आणि हात जास्त ऐकतात. शिवाय पायमशीनला वीज लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडची कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी फाटलेली ताडपत्री शिवायला पायमशीनच कामी येते. १९२४ मध्ये एका संवादात यंत्रांबद्दल बोलताना गांधीजींनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचेच नाव घेतले होते. माणसाच्या ताब्यात राहणारे यंत्र कसे असते, हे चार दिवस पायटा मारला की कळते.

सुई, दोरा, ताण

‘जुने मशीन टाका सोडते’ ही तक्रार दहापैकी बहुतेक वेळा सुईची असते. सुई बोथट असते, चुकीच्या जातीची असते किंवा उलटी बसवलेली असते. घरगुती यंत्राच्या सुईचा वरचा भाग एका बाजूने चपटा असतो. शिंप्यांच्या मोठ्या यंत्राची सुई वर पूर्ण गोल असते. दुकानात नमुना दाखवूनच सुई घ्या. सुई बसवताना एक खूण लक्षात ठेवा. तिच्या एका अंगाला लांब खाच असते, दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने ओवायचा, आणि चपटी बाजू त्याच्या विरुद्ध येते. कोणत्या अंगाने ओवायचा ते यंत्रागणिक बदलते. सुईच्या आधीची शेवटची आकडी ज्या बाजूला आहे, तीच ओवायची बाजू.

पातळ नायलॉनला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, जीन्स आणि कॅनव्हासला १६, त्याहून जाड घड्यांना १८. खणात सापडलेल्या गंजक्या सुया फेकून द्या. नव्या सुयाही इथल्या हवेत उघड्या ठेवू नका, तेलाचा हात लावलेल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवा.

दोऱ्याबाबत भावुक होऊ नका. लाकडी रिळावरचा आजीचा सुती दोरा दिसायला देखणा असतो, पण हाताने झटका देऊन पाहा, तट्कन तुटेल. उन्हापावसात वापरायच्या वस्तूला पॉलिस्टर दोराच हवा, कारण सुती दोरा भिजून कुजतो. वर आणि बॉबिनमध्ये एकच दोरा घ्या. रिळावरचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. नेहमीच्या कामाला १२० चालतो, पिशव्यांना त्याहून जाड घ्यावा. चपला-बॅगांच्या कारखान्यातला फार जाड नायलॉन दोरा घरगुती यंत्राला झेपत नाही.

ताण तपासायला मांजरपाटाच्या दुहेरी तुकड्यावर टीप मारा. कापडाच्या खालच्या अंगाला वरच्या दोऱ्याचे फासे दिसत असतील तर वरचा ताण कमी आहे. वरच्या अंगाला बॉबिनचा दोरा ओढून आलेला दिसत असेल तर वरचा ताण जास्त. ताणाचा स्क्रू पाव फेऱ्याहून अधिक एकदम फिरवू नका. खालचा ताण पाहायला बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत सोडा. ती नुसतीच जागेवर राहावी आणि हाताला हलका झटका दिला की दोन-चार बोटे खाली उतरावी. सरसर खाली आली तर ताण सैल, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. खाली दोऱ्याचे जाळेच होत असेल तर ताणाला हात लावण्याआधी फूट वर उचलून वरचा दोरा पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवलेला दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये शिरतच नाही.

काय शिवावे, काय शिवू नये

जुन्या मशीनला एकच टाका येतो, सरळ. वाकडा टाका नाही, काज नाही. फार जुन्या यंत्रांत उलटी टीपही नसते, तिथे टोकाला कापड फिरवून त्याच रेघेवर चार टाके परत घालायचे. ताणले जाणारे टी-शर्टचे कापड या टाक्याला मानवत नाही, अंग ताणले की टीप तुटते. पण पिशव्या, थैल्या, तंबूचे कापड, कॅनव्हास, जीन्स, वाकळ यांना सरळ टाकाच लागतो. कापडाच्या कडा सुटतात म्हणून त्यांना पट्टी लावायची किंवा कड आत दुमडून दुसरी टीप मारायची. ही दुहेरी शिवण एकदा हाताला बसली की विकतच्या पिशवीपेक्षा तुमची पिशवी जास्त टिकेल.

जाडीला मर्यादा आहे. फूट उचलून त्याखाली कापड सहज सरकले पाहिजे आणि चाक हाताने फिरवल्यावर सुई न वाकता आरपार गेली पाहिजे. घड्यांचा उंचवटा आला की पाय थांबवा, चाक हाताने फिरवा. फूट पुढून उचलला जात असेल तर त्याच्या मागच्या बाजूखाली तितक्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, फूट सपाट होतो आणि टाका नीट पडतो. शिवण आधी लाकडी मोगरीने ठोकून चपटी केली तर अजून सोपे. टाका मात्र लांब ठेवा, इंचात सात-आठ. बारीक टाक्यांनी जाड कापडाला भोकांची रांग पडते आणि ते तिथेच फाटते.

एक पथ्य कडक पाळा. ज्यावर जीव टांगायचा ते घरी शिवू नका. कडा चढायचे पट्टे, बोटीवरची जीवरक्षक जाकिटे, लहान मुलाच्या झोळीचे टांगायचे पट्टे यांना हात घालू नका.

चार कामे, चढत्या क्रमाने

पहिले काम बाजाराच्या पिशवीचे. जुन्या जीन्सचे किंवा कॅनव्हासचे ४० बाय ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या. दोन्ही बाजू आणि तळ दीड सेंटिमीटर आत टीप मारून जोडा आणि त्याच शिवणीवर दुसरी टीप मारा. मग तळाचा प्रत्येक कोपरा असा चापून धरा की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर येईल आणि कोपऱ्याचा त्रिकोण होईल. त्रिकोण १२ सेंटिमीटर रुंद होतो तिथे आडवी टीप मारा. पिशवीला बसकट तळ आला, आता ती नारळासकट उभी राहील. तोंड दोनदा आत मुडपा. पट्ट्यांना खाटेची सुती नवार उत्तम. प्रत्येक टोकाला चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप मारा, ओझे चारही बाजूंना वाटले जाते.

दुसरे काम झेल्याच्या पिशवीचे. हापूस देठासकट उतरवावा म्हणजे चीक फळावर उतरत नाही. त्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला आहे. आपण झेला बनवायचा नाही, त्याची फाटलेली पिशवी बदलायची. झेल्याच्या कड्याचा व्यास २५ सेंटिमीटर असेल तर घेर साडेअठ्ठ्याहत्तर होतो, म्हणून कापड ८२ सेंटिमीटर रुंद आणि ३५ ते ४० खोल घ्या. मऊ, धुता येईल असे सुती कापड हवे, चीक त्याला लागणारच. शिवणी आणि कडा बाहेरच्या अंगाला ठेवा, आत फळाला काहीही घासता कामा नये. बंद कड्याभोवती मशीनने शिवता येत नाही, इथे नवशिके अडतात. उपाय सोपा आहे. तोंडाशी आठ-दहा नाड्या शिवून घ्या आणि त्या कड्याला बांधा. पिशवी धुवायची झाली की नाड्या सोडायच्या.

तिसरे सॅकच्या पावसाळी कव्हराचे. पावसाळ्यात रत्नदुर्गावर किंवा खेडकडच्या रसाळगड, सुमारगड, महिपतगडावर जाणाऱ्यांना हे लागतेच. आतून लेप दिलेले नायलॉन घ्या. टीप मारली की प्रत्येक भोकातून पाणी शिरते, म्हणून कव्हर एकाच अखंड तुकड्याचे करा, म्हणजे पाठीवर शिवणच येत नाही. सॅक ५५ उंच, ३० रुंद, २० जाड असेल तर उंचीत आणि रुंदीत दोन्हीकडची जाडी, मागे वळायचे पाच-पाच आणि नेफ्याचे तीन-तीन सेंटिमीटर मिळवा. तुकडा साधारण १११ बाय ८६ चा होईल. कोपरे ताट ठेवून गोल कापा, कडेने नेफा शिवा आणि त्यात इलॅस्टिक ओवा. तळाशी एक आयलेट ठोका, साठलेले पाणी निघून जाईल. या कापडाला टाचण्या टोचू नका, भोक कायमचे राहते. कपडे वाळत घालायचे चिमटे वापरा. लेपाची बाजू फुटाला चिकटून कापड सरकत नसेल तर वर पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका.

चौथे वाकळीचे. जुन्या सुती साड्यांचे तीन-चार थर पुरेत. अडचण जागेची येते, कारण मशीनच्या मानेखाली साधारण एक वीत मोकळी असते. आधी हाताने मोठे धावदोरे घालून थर पक्के करा. मग वाकळ दोन्ही बाजूंनी सुरळी करून मधल्या रेघेपासून बाहेर शिवत जा, प्रत्येक रेघ त्याच दिशेने. उलटसुलट दिशेने शिवल्यास थर सरकून चुण्या पडतात. जड वाटले तर तीन पट्ट्या वेगळ्या शिवून शेवटी जोडा.

जाळी, नायलॉन दोरी, कड्या, ताडपत्री असे सामान मिरकरवाड्याकडे मच्छीमारांच्या साहित्याच्या दुकानांत बघा, खाऱ्या पाण्यात टिकणारे सामान तिथे हमखास असते. कापडाचे तुकडे, नवार, इलॅस्टिक बाजारपेठेत मिळतातच. फाटलेली छत्री आणि जुना तंबूही टाकू नका. छत्रीचे कापड छोट्या थैल्यांना नामी.

पावसाळ्यातले पथ्य

जून ते सप्टेंबर मशीनवर प्लास्टिक घालू नका. आत दमटपणा कोंडतो आणि गंज लवकर धरतो. जाड सुती कापडाचे आच्छादन शिवा, हवे तर तुमचे पहिले काम तेच असू दे. मशीन बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून आत सरकवा. सुईची दांडी, फुटाची दांडी, दातांवरची पट्टी यांवर तेलाचा पुसट हात असू द्या. आठवड्यातून एकदा, काही शिवायचे नसले तरी पाच मिनिटे पायटा मारा. तेल घातल्यावर आधी चिंधीवर टीप मारा, नाहीतर तेलाचा डाग चांगल्या कापडावर पडेल.

वर्षाची आखणी

कोकणच्या वर्षाला हे काम छान जुळते. फेब्रुवारीत झेल्याच्या पिशव्या शिवून ठेवा, मार्चपासून बागेत उसंत नसते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाचे सगळे सामान उरका, म्हणजे सॅकची कव्हरे, स्कूटरच्या सीटचे आवरण, ताडपत्रीची डागडुजी. जुलैत झड लागली की घरात बसून वाकळ शिवा, म्हणजे मशीनही चालते राहील. श्रावणात गणपतीच्या मखराचे पडदे आणि तोरणे करा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की यंत्र पूर्ण उघडून साफ करा, पट्टा तपासा आणि पुढच्या वर्षाच्या सुया आणून ठेवा.

आता एवढेच करा. येत्या रविवारी गोणपाट उचला, चाक आपल्याकडे फिरते का ते पाहा, आणि तेलाची बाटली आणि १४ नंबरच्या सुयांचे एक पाकीट आणा. बाकी सगळे त्यानंतर.